‘१५ ते ८’ म्हणजे एकूण ठिपके किती?

दिवाळीच्या आधी बाजारात रांगोळीची जी छोटी पुस्तकं मिळतात, त्यांत बहुतेक नक्ष्यांखाली एक ओळ असते: ‘१५ ते ८’, ‘११ ते ६’, ‘९ ते ५’. ज्यांनी अंगणात बसून ठिपके काढलेत त्यांना ही भाषा समजावून सांगावी लागत नाही. मधली ओळ १५ ठिपक्यांची. तिच्या वर आणि खाली १४-१४, पण हे ठिपके आधीच्या दोन ठिपक्यांच्या मधल्या जागेत यायला हवेत. मग १३, मग १२, असं करत दोन्हीकडे ८ वर थांबायचं. झाली षटकोनी बैठक तयार. रोज एवढं मोजत बसायला वेळ कुणाला? म्हणून वर्तमानपत्राच्या कागदाला उदबत्तीने भोकं पाडून ठेवत. कागद अंथरायचा, वरून रांगोळी फिरवायची, अलगद उचलायचा. माझ्या आजीकडे असे तीन-चार कागद गादीखाली जपून ठेवलेले असत.

चित्रांतून गणित कसं शिकवायचं, असं मला कुणी विचारलं की मी या कागदापासून सुरुवात करते. पाचवी-सहावीच्या मुलांसमोर ‘१५ ते ८’ची बैठक ठेवायची आणि एकच प्रश्न विचारायचा: एकूण ठिपके किती?

पहिली दहा मिनिटं मुलं बोट ठेवून मोजतात. साठाच्या आसपास कुणाचं तरी बोट घसरतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. मग कुणाला तरी सुचतं की ओळी लावल्याच आहेत, तर बेरीज करू: १५, त्यात १४ दोनदा, १३ दोनदा, असं ८ पर्यंत. उत्तर येतं १६९. बरोबर आहे. इथे बरेच शिक्षक ‘शाब्बास’ म्हणतात आणि पुढच्या उदाहरणाकडे वळतात. तिथेच खरी गंमत हातची जाते.

कारण ओळी ही त्या बैठकीकडे बघण्याची फक्त एक पद्धत झाली. आता तीच बैठक कडी-कडीने बघा. मध्यभागी एक ठिपका. त्याच्याभोवती सहा. त्या सहांभोवती बारा, मग अठरा, चोवीस. दर कड्याला सहा वाढतात, कारण षटकोनाला सहा बाजू आणि प्रत्येक बाजू एकेका ठिपक्याने लांबते. ‘१५ ते ८’मध्ये अशी सात कडी आहेत, सातवं ४२ ठिपक्यांचं. म्हणजे एकूण झाले १ आणि ६ पट (१ + २ + ३ + … + ७).

कंसातली बेरीजही चित्रातच करता येते. एक, दोन, तीन असे सातपर्यंत ठोकळे रचले की जिना होतो. तसाच दुसरा जिना उलटा करून पहिल्यावर बसवा, ७ रुंद आणि ८ उंच असा आयत तयार. आयतात ५६ ठोकळे, तर एका जिन्यात २८. सहा वेळा २८ म्हणजे १६८, आणि मधला एक. पुन्हा १६९. हाच जिना मुलांना पुढे दहावीत अंकगणिती श्रेढीच्या धड्यात सूत्र होऊन भेटतो. तेव्हा तो जिना होता हे कुणी सांगत नाही.

तिसरी पद्धत मला सगळ्यात आवडते. मधला ठिपका सोडून द्या आणि उरलेली बैठक तीन रंगांच्या रांगोळीने तीन सारख्या समांतरभुज तुकड्यांत रंगवा. पंख्याची तीन पाती असतात तसे हे तुकडे मधल्या ठिपक्याभोवती बसतात. प्रत्येक पात्यात ८ ठिपक्यांच्या ७ ओळी, म्हणजे ५६. तीन पाती १६८, अधिक एक. आता १५ च्या जागी काहीही असो, उत्तर तोंडी येतं. बाजूवर ‘न’ ठिपके असतील तर एकूण ३ × न × (न − १) + १. ‘९ ते ५’? बाजूवर ५ ठिपके: ३ × ५ × ४ + १, म्हणजे ६१. ज्या मुलाने पाती रंगवली आहेत त्याला हे सूत्र पाठ करावं लागत नाही. त्यातला ‘३’ कुठून आला, ‘+ १’ कशाचा, हे त्याला बोट ठेवून दाखवता येतं.

या सूत्राला पोचायला अक्षर-गणिताचा एकही नियम लागला नाही, हे इथे लक्षात घेण्याजोगं आहे. एकच चित्र दोन वेगळ्या तऱ्हांनी मोजलं की दोन्ही उत्तरं सारखीच यायला हवीत, कारण ठिपके तर तेच आहेत. शाळेत ज्यांना आपण सूत्रं किंवा नित्य समानता म्हणतो, त्यांतल्या कितीतरी मुळात अशाच आहेत: एकाच गोष्टीची दोन मोजणी.

अजून एक नजर बाकी आहे. तीन रंगांनी भरलेला तो षटकोन जरा लांबून, डोळे किलकिले करून बघा. तीन पात्यांचा पंखा नाहीसा होतो आणि खोक्याचा कोपरा दिसायला लागतो: वरची बाजू, डावी बाजू, उजवी बाजू. छोट्या ठोकळ्यांचा ८ × ८ × ८ चा मोठा ठोकळा समोर धरला तर कोपऱ्यातून जेवढे ठोकळे दिसतात, तेवढेच आपले ठिपके. दिसणारा थर काढून टाकला तर मागे ७ × ७ × ७ चा ठोकळा उरतो. म्हणजे दिसणारे ठोकळे ५१२ वजा ३४३. करून बघा: १६९.

आणि मग कांद्याचे पापुद्रे सुटावेत तसं पुढचं सुटत जातं. ७ च्या ठोकळ्याचा थर काढा, १२७ ठोकळे, म्हणजे ‘१३ ते ७’ची बैठक. त्याच्या आत ९१, ‘११ ते ६’. मग ६१, ३७, १९, ७ आणि शेवटी एकटा १. या सगळ्या रांगोळ्यांचे ठिपके मिळवले तर बरोबर ५१२ यायलाच हवेत, कारण सगळे मिळून तो एकच मोठा ठोकळा आहे. आकडेमोड न करता हे आधीच सांगता येतं आणि मग मुलं वहीत बेरीज करून बघतात, तेव्हा वर्गात जो आवाज होतो तो ऐकण्यासारखा असतो.

हे लिहिण्याचं कारण असं की ‘कलेतून गणित’ हे शब्द आता शाळांमध्ये बरेच ऐकू येतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही कलेला इतर विषयांशी जोडण्यावर भर आहे. हेतू चांगला आहे, पण प्रत्यक्षात काय होतं? गणिताच्या वहीच्या समासात वारली नक्षी काढायची, पाढ्यांचा तक्ता फुलांनी सजवायचा, प्रदर्शनाच्या दिवशी ‘पाय’चं (π) चिन्ह थर्माकोलमध्ये कापून रंगवायचं. यात कला आहे आणि शेजारी गणितही आहे, पण दोघांची ओळख झालेली नाही. चित्र काढून टाकलं तरी गणित तसंच राहतं, म्हणजे चित्राने काही काम केलं नाही. माझी कसोटी साधी आहे: चित्र पुसलं तर काहीतरी कळायचं थांबतं का? थांबत नसेल तर ती सजावट.

वारलीचंच बघा. माणसाचं धड म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. नाचणारा माणूस झुकलेला काढायचा तर ते त्रिकोण कसे वळवायचे, म्हणजे माणूस तोच राहील? मुलं पहिल्या प्रयत्नात झुकवताना त्रिकोण वेडावाकडा करतात आणि माणूस जाडा किंवा लुकडा होतो. ‘हा तो नाही’ हे त्यांचं त्यांनाच दिसतं. एकरूपता म्हणजे काय, हे व्याख्येआधी डोळ्यांना कळलं. तारपा वाजवणाऱ्याभोवती वेटोळ्याने गेलेली नाचणाऱ्यांची रांग काढताना आतली माणसं लहान काढली, पण अंग त्याच मापात ठेवलं, तर ती समरूपता. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांमुळे हे वेटोळं आज जगभर ओळखलं जातं. गणिताच्या तासाला त्याचा उपयोग किनारीपुरता करणं म्हणजे हातातलं सोडून देणं आहे.

आता १६९ कडे परत. हा १३ चा वर्ग आहे.

१३ × १३ चा चौरस चौकटीच्या वहीत काढा आणि १३ चे १० आणि ३ असे भाग करून एक आडवी, एक उभी रेघ मारा. चार तुकडे पडतात: १० × १० चा मोठा चौरस, ३ × ३ चा छोटा चौरस, आणि दोन आयत, प्रत्येकी १० × ३. शंभर, तीस, तीस, नऊ. एकशे एकोणसत्तर.

आठवीत ‘(अ + ब) चा वर्ग’ आला की वर्गात हमखास दिसणारी चूक म्हणजे ‘अ वर्ग अधिक ब वर्ग’. लाल शाईने ती कितीही वेळा कापा, पुढच्या पेपरात परत येते. कारण मुलाच्या दृष्टीने ती चूक नसून शिस्त आहे: कंसाबाहेरचा वर्ग दोघांना सारखा वाटून दिला. चित्रात मात्र ही वाटणी करायला गेलं की मोठा चौरस एका कोपऱ्यात, छोटा समोरच्या कोपऱ्यात, आणि दोन आयत रिकामे राहतात. तीस आणि तीस, साठ चौकटी हरवल्या! ‘२अब’ म्हणजे हेच दोन आयत. ज्याने ती रिकामी जागा एकदा पाहिली, त्याच्या हातून ही चूक सहसा पुन्हा होत नाही. आणि झालीच, तर ‘आयत कुठे गेले?’ एवढं विचारलं तरी पुरतं.

हाच चौकटींचा आयत तिसरी-चौथीला दोन अंकी गुणाकारात चालतो, २४ × १३ साठी, आणि बारावीपर्यंत मुलाला साथ देतो. एकदा काढायला शिकवलेलं चित्र इतकी वर्षं पुरतं, हे लक्षात घेतलं तर सुरुवातीला त्यावर गेलेले चार तास महाग वाटत नाहीत.

शाब्दिक उदाहरणांनाही असंच एक चित्र आहे, सिंगापूरच्या शाळांनी १९८० च्या दशकात रुळवलेलं. पट्ट्या काढायच्या. ‘दोघींकडे मिळून ८४ टिकल्या, मोठीकडे धाकटीच्या तिप्पट.’ धाकटीची एक पट्टी, मोठीच्या तशाच तीन पट्ट्या. चार पट्ट्या मिळून ८४, तर एक पट्टी २१. ‘क्ष मानू’ म्हणायच्या आधीच समीकरण सुटलेलं असतं, आणि पुढे क्ष आला की तो त्या पहिल्या पट्टीवर जाऊन बसतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६० च्या दशकात शिकण्याच्या तीन तऱ्हा मांडल्या होत्या: हाताने करून, चित्रात बघून आणि चिन्हांत लिहून. आपल्याकडे पहिली बालवाडीत सोडून देतात, दुसरी पुस्तकात छापलेली असते म्हणून मूल स्वतः काढत नाही, आणि तिसरीवर परीक्षा होते.

छापलेल्या चित्राचा आणखी एक घोळ आहे. पुस्तकातला चौरस नेहमी सरळ बसलेला असतो. तोच थोडा फिरवून एका कोपऱ्यावर उभा केला की मुलं म्हणतात, ‘हा चौरस नाही, ही शंकरपाळी.’ बाजू त्याच, कोन तेच, पण चित्राने न सांगता एक खोटा नियम शिकवला: चौरसाला तळ सपाट हवा. त्रिकोणाचंही तसंच. पाया खाली आणि टोक वर, म्हणजे उंची काढायची तर वरून खाली रेघ. पाया तिरका असला की हात थबकतो. उपाय फार सोपा आहे. आकृती पुठ्ठ्याची कापायची आणि हातात द्यायची. हातात आलेला चौरस कुणी सरळ धरून ठेवत नाही.

अपूर्णांकांच्या बाबतीत माझी तक्रार भाकरीबद्दल आहे. अर्धी भाकरी, चतकोर भाकरी इथपर्यंत ती उत्तम, ‘चतकोर’ हा शब्दच मुळात तिथला. पण भाकरीचे सारखे तीन किंवा पाच तुकडे करून दाखवा म्हटलं तर मोठ्यांचीही तारांबळ उडते, आणि दोन भाकऱ्यांच्या चित्रांवरून गुणाकार तर होतच नाही. तिथे वड्यांचं ताट घ्यावं, चौकोनी. ३/४ चे २/३ किती? ताटावर उभ्या सुरीने चार भाग करा आणि तीन ठेवा. आता आडव्या सुरीने तीन भाग करा आणि ठेवलेल्यातले दोन उचला. पूर्ण ताटात १२ वड्या पडल्या, आपल्या वाट्याला ६ आल्या. अर्धं ताट. ‘अंशाला अंशाने आणि छेदाला छेदाने गुणा’ हा नियम सुरीनेच सांगितला: छेदांचा गुणाकार म्हणजे ताटातल्या सगळ्या वड्या, अंशांचा गुणाकार म्हणजे आपल्या.

चित्र काढून पटवणं ही गणितातली दुय्यम, लहान मुलांची पद्धत आहे असं वाटत असेल तर आपल्याच भागातली दोन माणसं आठवावीत. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सिद्धान्तशिरोमणी लिहिला. लीलावती आणि बीजगणित हे त्याचेच भाग. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. काटकोन त्रिकोणाच्या कर्णाचा नियम भास्कराचार्यांनी एका आकृतीतून पटवला आहे. चार सारखे काटकोन त्रिकोण घ्यायचे आणि त्यांचे कर्ण बाहेरच्या बाजूला येतील असे गोल रचायचे. कर्णाच्या बाजूचा एक मोठा चौरस होतो आणि मध्ये एक छोटं चौरस भोक उरतं. बाजू ३ आणि ४ असतील तर एका त्रिकोणाचं क्षेत्रफळ ६, चारांचं २४. मधल्या भोकाची बाजू ४ वजा ३, म्हणजे १. एकूण २५, आणि २५ हा ५ चा वर्ग. प्राचीन चिनी गणितातही हीच आकृती सापडते. भास्कराचार्यांनी आकृतीखाली ‘पाहा’ एवढाच शब्द लिहिला, अशी गोष्ट जगभर सांगितली जाते. ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी, कारण बीजगणितात त्यांनी याचं रीतसर स्पष्टीकरण दिलं आहे. पण गोष्ट टिकून राहिली ती तिच्यात शिक्षकाच्या मनातलं काहीतरी आहे म्हणूनच.

दुसरे गणेश दैवज्ञ, कोकणातल्या नांदगावचे. ग्रहलाघवामुळे पंचांग करणाऱ्यांना त्यांचं नाव माहीत असतं. १५४५ मध्ये त्यांनी लीलावतीवर बुद्धिविलासिनी नावाचं भाष्य लिहिलं. वर्तुळाचं क्षेत्रफळ परिघाच्या निम्म्याला त्रिज्येने गुणून येतं, ते का, हे त्यांनी कापून दाखवलं आहे. वर्तुळाचे दोन अर्ध करा. प्रत्येक अर्धाला केंद्रापासून परिघापर्यंत सुईसारखे निमुळते काप द्या, पण परिघाशी ते एकमेकांना चिकटलेलेच राहू द्या. आता दोन्ही अर्ध सरळ पसरा: दोन कंगवे तयार झाले. एकाचे दात दुसऱ्याच्या फटीत बसवा. जवळजवळ आयत होतो, लांबी परिघाच्या निम्मी, रुंदी त्रिज्येएवढी. काप जितके बारीक तितका आयत नेमका. पतंगाच्या कागदाची एक गोल चकती आणि कात्री, एवढ्या सामानात हे सातवीच्या वर्गात होतं. सोळा काप पुरतात. बत्तीस करायला घेतले की निम्म्या मुलांचे दात तुटतात.

इथपर्यंतची चित्रं मोजण्याची आणि कापण्याची झाली. पण काही चित्रं अशी असतात की त्यांच्यात गणित लपलेलं आहे याचा काढणाऱ्यालाही पत्ता नसतो. तमिळनाडूतल्या कोलमचा, म्हणजे तिकडच्या रांगोळीचा, एक प्रकार असा आहे की त्यात ठिपके जोडत नाहीत, रेषा ठिपक्यांभोवती वळत जाते आणि शेवटी जिथून निघाली तिथे येऊन मिळते. मद्रास ख्रिश्चन कॉलेजात गिफ्ट सिरोमनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात या नक्ष्यांचा संगणकशास्त्राच्या अंगाने अभ्यास केला. तिकडे आफ्रिकेत, अंगोलातले चोक्वे लोक वाळूत बोटाने अगदी अशीच चित्रं काढतात. मोझांबिकच्या पाउलुस गेर्डेस या गणितज्ञाने आयुष्याचा मोठा भाग त्यांवर घालवला.

यातला सगळ्यात साधा प्रकार घेऊ. ठिपक्यांचा आयत मांडा, समजा ३ ओळी, प्रत्येकीत ५. तिरकी रेषा सोडा, जी कोणत्याही दोन शेजारी ठिपक्यांच्या मधोमधून जाते आणि कडेला पोचली की कॅरमच्या स्ट्रायकरसारखी वळून परत येते. हात न उचलता काढत राहा. ३ × ५ मध्ये सगळे ठिपके एकाच रेषेत गुंफले जातात. ३ × ३ मध्ये मात्र एक वेटोळं बंद होतं आणि काही मधल्या जागा तशाच राहतात. दुसरं सुरू करावं लागतं, मग तिसरं. ४ × ६? दोन वेटोळी. २ × ३? एक. ३ × ६? तीन.

मुलांना तक्ता करू द्या, काही सांगू नका. पाच-सहा चित्रांनंतर कुणीतरी म्हणतं, ‘हा तर मसावि!’ खरंच तसं आहे: वेटोळ्यांची संख्या म्हणजे आडव्या ओळी आणि उभ्या रांगा यांच्या संख्यांचा महत्तम साधारण विभाजक.

का, ते सांगायचं तर कॅरमच सोयीचा. ३ × ५ च्या आयतातून एका बाजूचा ३ × ३ चा चौरस कागदाने झाका. जी रेषा त्या चौरसात शिरते ती आत तीन भिंतींवर आपटून, जिथून शिरली नेमक्या त्याच जागेतून परत बाहेर पडते. म्हणजे चौरस नसता आणि तिथे सरळ भिंत असती, तर रेषा जशी वळली असती, अगदी तशीच. चौरस हा नुसता आरसा आहे. मग तो कापून टाकला तरी वेटोळ्यांच्या संख्येत फरक पडायचं कारण नाही! उरलं ३ × २. त्यातून २ × २ कापा, उरलं १ × २. त्यातून १ × १ कापा, उरलं १ × १, एक ठिपका, एक वेटोळं. मोठ्यातून लहान वजा करत जाण्याची ही रीत शाळेत मसावि काढण्याच्या भागाकार पद्धतीत वेगळ्या कपड्यांत भेटते. ‘मसावि काढा’ या उदाहरणांचा तिटकारा असलेली मुलंही इथे १२ × १८ साठी आधी वेटोळी सांगतात, मग तपासायला चित्र काढतात.

चित्रांचं एवढं कौतुक झाल्यावर एक सावधगिरी, आणि तीही चित्रातूनच. ८ × ८ चा चौरस घ्या, ६४ चौकटींचा. त्याचे ८ × ३ आणि ८ × ५ असे दोन पट्टे करा. लहान पट्टा कर्णावर कापा, दोन त्रिकोण. मोठा पट्टा तिरका कापा, म्हणजे ३ आणि ५ अशा समांतर बाजू असलेले दोन समलंब चौकोन होतील. हे चार तुकडे वेगळे जुळवले की ५ × १३ चा आयत होतो. चौकटी मोजा: ६५. एक चौकट हवेतून आली.

मुलांना हे करायला देऊन मी गप्प बसते. कुणी म्हणतं कात्री नीट चालली नाही, कुणी म्हणतं वहीच खराब. शेवटी कुणीतरी उतार मोजतं. त्रिकोणाची तिरकी बाजू ८ पुढे गेल्यावर ३ चढते, म्हणजे ०.३७५. समलंबाची ५ पुढे गेल्यावर २ चढते, म्हणजे ०.४. दोन्ही बाजू एका रेषेत आल्यासारख्या दिसतात, पण नाहीत. कर्णावर एक लांबट, केसासारखी बारीक फट राहते आणि तिचं क्षेत्रफळ बरोबर एक चौकट. डोळ्याला जे पटलं ते दरवेळी खरं असतंच असं नाही, म्हणून सिद्धता लागते. आणि सिद्धतेची गरज मुलाला स्वतःला वाटण्यासाठी याहून चांगली जागा मला माहीत नाही. चित्रं दाखवून ‘कळलं ना?’ म्हणत पुढे जाणाऱ्या शिक्षकाने हा तास जरूर घ्यावा.

एक व्यावहारिक गोष्ट राहिली. ही सगळी चित्रं पडद्यावर दाखवता येतात, हलती, रंगीत, सुंदर. तीही बघावीत. पण तीन रंगांची पाती दाखवली गेली आणि ती स्वतः भरली, यात फरक पडतो. भरताना कुठल्या ओळीवर थांबायचं हे हाताला ठरवावं लागतं आणि ‘८ ची ओळ की ७ ची’ हा प्रश्न तिथेच पडतो. वाईट चित्रकला असलेल्या मुलांचंही काही अडत नाही. ठिपके सारखे असले की झालं. ज्या मुलाला दिसत नाही त्याच्यासाठी तर उदबत्तीने भोकं पाडलेला आजीचा कागदच कामाचा: ओळी, कडी, पाती, सगळं बोटांना कळतं.

जाता जाता, वर्गात एका मुलीने विचारलेला प्रश्न. ‘१५ ते ८’चे ठिपके १६९, म्हणजे तेच ठिपके घेऊन १३ × १३ चा चौरसही मांडता येईल. मग आणखी कुठल्या षटकोनी बैठकीचा असा चौरस होतो? ७, १९, ३७, ६१, ९१, १२७ यांतला एकही वर्ग नाही. १६९ नंतरही बराच काळ काही सापडत नाही. पुढची अशी बैठक थेट ‘२०९ ते १०५’ची. सूत्रात घाला: ३ × १०५ × १०४ + १, म्हणजे ३२,७६१. आणि १८१ × १८१ करून बघा.

आम्ही जागेचाही हिशोब केला. ठिपके एकेका इंचावर घेतले तर मधली ओळ १७ फूट ४ इंच होते, आणि ओळी एकीवर एक तिरक्या बसत असल्याने उंची साधारण १५ फूट. शाळेचा व्हरांडा त्याला अरुंद पडतो, प्रार्थनेच्या हॉलमध्ये मात्र ती बसेल.